तुळसाबाईंचा आकडा

मंगळवार, ४ नोव्हेंबर

काल केसपेपरवर लिहिलं ते चूक आहे. तुळसाबाई आजारी पडण्याआधी अंथरुणाला खिळलेल्या नव्हत्या. मी तसं मानलं, कारण त्यांचा मुलगा धनेश म्हणाला होता, "आईला आम्ही काही करू देत नाही. सगळं हातात आणून देतो."

आमच्या आयसीयूत म्हातारा पेशंट आला की मी हेच विचारते – आजारापूर्वी स्वतःचं स्वतः किती करत होते? उत्तरावरून एक ते नऊ आकडा द्यायचा. आकडा जितका मोठा, तितकी वाचण्याची आशा कमी. तुळसाबाईंना मी सात दिला. वय ऐंशीच्या पुढे, न्यूमोनिया, व्हेंटिलेटर आणि वर सात! आयसीयूचे प्रमुख हरिहर सर, त्यांनी गुरुवारी घरच्यांना बोलावलंय – उपचार आणखी वाढवायचे नाहीत, हे सांगायला.

आज शीर शोधताना तळहाताला घट्टे दिसले. ताजे. सून भावना भेटीच्या वेळी आली तेव्हा विचारलं. ती आधी दाराकडे बघत राहिली. मग म्हणाली, सासूबाई बिल्डिंगच्या मागे उरलेल्या जागेत भाजी लावतात, बादल्या स्वतःच नेतात. "ऐकतात कोणाचं? पण आमच्या ह्यांना लाज वाटते. आमच्या जमिनीवर तीन बिल्डिंगी उभ्या राहिल्या आणि आई पाणी भरते! बाहेर नका बोलू, मॅडम."

म्हणजे आकडा तीन. फार तर चार.

आमच्या घरात दहावीपुढे गेलेली मीच पहिली. माझं चुकलं की सगळं घर नापास झाल्यासारखं वाटतं. अजून सरांना सांगितलेलं नाही.

बुधवार, ५ नोव्हेंबर

सांगितलं. हरिहर सर चिडले नाहीत, ते जास्त जड गेलं. "आकडा बदलला. पेशंट तीच आहे, हे विसरू नकोस." मग म्हणाले, आठवडाभर सगळे उपचार पूर्ण द्यायचे, नंतर बघू.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

मीटिंग. सरांनी भाजीचं विचारल्यावर धनेशने बायकोकडे असं बघितलं की ती खुर्चीत मागे सरकली. गाडीची चावी तो या हातातून त्या हातात करत होता. शेवटी म्हणाला, "लोकांना वाटेल आम्ही आईला राबवतो."

"राबत होत्या म्हणून तर थांबतोय," सर म्हणाले.

भावनाने आपणहून मला सांगितलं, असं त्याला वाटलं का? की मीच तिच्याकडून काढून घेतलं, असं? दोघांच्या मध्ये मी आले. दुसरा रस्ता दिसत नव्हता.

रविवार, ९ नोव्हेंबर

व्हेंटिलेटरची नळी काढायचा प्रयत्न. जमलं नाही.

बुधवार, १२ नोव्हेंबर

नळी निघाली. श्वास स्वतःचा.

संध्याकाळी तुळसाबाईंना आवाज फुटला, घोगरा. त्यांनी भावनाला विचारलं, भाजीला पाणी कोण घालतं? ती म्हणाली, मी. "मग गेली माझी वांगी."

सिस्टर हसल्या. मी मॉनिटर बघत होते.

सोमवार, १७ नोव्हेंबर

डिस्चार्ज. काल आधार धरून वॉर्डच्या दारापर्यंत चालल्या होत्या. फिजिओथेरपिस्टने धनेशला बजावलं – रोज उभं करा, रोज थोडं चालवा, दुखलं तरी. त्याने मान डोलावली. पेढे वाटले. मला दोन जास्त दिले. राग गेला असावा.

शनिवार, २२ नोव्हेंबर

विचारपूस म्हणून फोन केला. धनेश खुशीत. भाड्याने कठड्याचा पलंग आणलाय, दिवसाला एक बाई, रात्रीला एक. बेडपॅन, डायपर, भरवणंसुद्धा. चालतात का, विचारलं. "मॅडम, पाय जमिनीला लावू देत नाही आईचा. तुम्ही एवढं केलंत, ते वाया घालवू काय?"

मागून तुळसाबाई काहीतरी म्हणत होत्या. त्याने फोन ठेवला.

अशा पडून राहिल्या तर महिनाभरात सात होतील. खऱ्या सात.

मंगळवारी, २५ तारखेला मला सुट्टी आहे. ठाकुर्लीला त्यांच्या घरी जाणार. धनेश घरी असला तरी.