धाकटीचे फोटो

मंगळवार, ३ मार्च

लेख जतन होईना! पाणीपुरवठ्यावरचा, नऊशे शब्दांचा, पाचपर्यंत द्यायचा. कॉम्प्युटर म्हणतो, डिस्कवर जागा नाही. मी यात शब्दांखेरीज काही ठेवत नाही, आणि शब्द काही एवढे फुगत नाहीत — संपादक काहीही म्हणोत.

ऑफिसच्या कॉम्प्युटरवालीला फोन केला. तिला मी धन्वंतरी म्हणते, कारण ती फोनवरून नाडी बघते. तिनं कचरापेटी रिकामी करायला लावली. लेख कसाबसा मावला. म्हणाली, हे तात्पुरतं आहे मॅडम, कोण जागा खातंय ते आकारानुसार लावून बघा.

बुधवार, ४

चोर सापडला. धाकट्या बहिणीचं फोल्डर! पाऊण डिस्क अडवून बसलंय. पहिलं लग्न मोडल्यावर ती वर्षभर माझ्याकडे होती, तेव्हा तिनं आपला फोन या कॉम्प्युटरला जोडला होता. मला समजावूनही सांगत होती. मी हो हो करत प्रूफं तपासत होते. जोडणी तोडायची राहिली असणार. तिचे फोटो, व्हिडिओ आपोआप इथे येऊन पडताहेत — अगदी कालपर्यंतचे.

उघडलं नाही. दुसऱ्याच्या घरात डोकावू नये.

शेवटचा एक तेवढा पाहिला. खिडकीत वाळत घातलेले इवलेसे मोजे.

गुरुवार, ५

मी मावशी झाले आहे. अकरा महिन्यांपूर्वी.

शनिवार, ७

दोन दिवस तेच बघतेय. जेवणसुद्धा कॉम्प्युटरपुढे. धाकटीचे यजमान जमिनीवर आडवे, पोटावर मुलगी, दोघंही गाढ झोपलेली. धाकटीला चष्मा लागलाय — आणि मला माहीत नाही! मुलीला दोन दात आहेत. हसते थेट आमच्या आईसारखी, आधी नाक आक्रसून मग तोंड उघडून. एका व्हिडिओत टेबलाचा पाय धरून उभी राहते, बदकन् बसते, मग कोणी पाहिलं नाही ना म्हणून इकडेतिकडे बघते. मी पाहिलं. चौदा वेळा.

अडीच वर्षं बोललो नाही आम्ही. तिच्या दुसऱ्या लग्नाला नोंदणी कार्यालयात मी कारकुनाला म्हणाले, "या खेपेला तारीख पेन्सिलीनं लिहा." कारकून हसला. नवरदेवही हसले. धाकटी हसली नाही. संस्कृत पाठशाळेत माझ्या जिभेला धार लावून मिळाली, म्यान कुणी दिलं नाही. नंतर मी फोन केला नाही. तिनंही नाही. रुसायचा हक्क तिचा होता, बजावत मी बसले.

रविवार, ८

चोरून बघणं बरं नव्हे. आणि बघितलं की दिवसभर मांडी उगाच रिकामी वाटते. ही कसली दुखणी, या वयात!

फोल्डर पुसलं. डिस्क मोकळी. कॉम्प्युटर वाऱ्यासारखा पळतोय. लिहायला काही सुचत नाही.

सोमवार, ९

धन्वंतरीला पराक्रम सांगायला फोन केला. ती म्हणाली, "मॅडम, ते दोघींचं एकच फोल्डर असेल. इथलं पुसलं की तिकडचंही जातं."

त्या पोरीचे अकरा महिने मी पुसले!

धन्वंतरीनं धीर दिला — पुसलेलं इंटरनेटवरच्या कचरापेटीत तीस दिवस राहतं, शोधा. व्याकरणातला लोपही असाच. अक्षर नष्ट होत नाही, नुसतं दिसेनासं होतं. गुरुजींच्या छड्या सत्कारणी लागल्या. दुपारभर परत आणत बसले. संध्याकाळी सगळं जागच्या जागी, डिस्क पुन्हा तुडुंब. मोजे पुन्हा खिडकीत. धाकटीच्या लक्षात यायच्या आत निभावलं असावं.

मंगळवार, १०

सकाळी धाकटीचा मेसेज.

"ताई, परवा सगळं पुसलंस, काल परत ठेवलंस. अडीच वर्षं तुझ्यासाठी एकेक निवडून टाकतेय. रोज वाटायचं, आज काहीतरी बोलशील. आता मी काय समजू?"

उत्तर लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं.

अकराची गाडी आहे. ऑफिसच्या रजेच्या अर्जात कारण लिहावं लागतं. 'घरगुती' लिहिलं होतं. ते काढून 'भाची' लिहिलं.