मुक्या खेचरांची मोहीम

तीर्थरूप मामांस,
साष्टांग नमस्कार. कंबर धरली आहे, म्हणून तूर्त मनातल्या मनात.

महायुद्धात तुम्ही खेचरं हाकलीत, त्या डोंगरातल्या मोहिमेला इतिहासाच्या पुस्तकांत जेमतेम दीड ओळ मिळाली आहे. शत्रूला चाहूल लागू नये म्हणून डॉक्टरांनी खेचरांचा आवाजच काढून टाकला होता, असं तुम्ही सांगू लागलात की सारं घर हसायचं. भर जेवणात मीच विचारलं होतं, ‘‘मामा, बंदुकाही कुजबुजायच्या का?’’ त्यानंतर तुम्ही युद्धाचा विषय कधी काढला नाहीत.

काल दादाबरोबर लष्करी संग्रहालयात गेलो. दादा इतिहासाचा प्राध्यापक, त्यामुळे त्याचा कशावरच विश्वास नाही. तिथे जनावरांच्या डॉक्टरची वही निघाली. तीनशे बारा खेचरं, गळ्याची शस्त्रक्रिया. कारण, ‘शत्रूला ऐकू जाऊ नये.’ खाली खेचरवाल्यांच्या सह्या, आणि पहिलीच तुमची!

मी एवढ्या मोठ्यांदा ओरडलो की पहारेकरी धावत आला.

दादा म्हणाला, ‘‘हे छापायलाच हवं.’’

‘‘आधी कान पकड,’’ मी म्हटलं. ‘‘न्यायदर्शन आप्ताचा, म्हणजे भरवशाच्या माणसाचा, शब्द प्रमाण मानतं. आपण आप्तालाच थापाड्या ठरवलं.’’

त्याने पकडले. मीही पकडले.

हे पत्र टपालात टाकणार नाही. तीस वर्षांची माफी पोस्टमनच्या हाती पाठवणं बरं दिसत नाही. रविवारी आम्ही दोघे स्वतःच ते घेऊन येतो. दादा कोरी वही आणणार आहे. मोहीम पहिल्या दिवसापासून सांगा, आणि तो मध्ये बोलला तर खुशाल दटावा. इतिहासकार पुष्कळ आहेत. तिथे होतात ते तुम्ही.

उशिरा शहाणा झालेला,
तुमचा भाचा