आवरणात साचलेला पोटॅशियम

वाल्पाराइसो, १४ मे १९६९

प्रिय लेआन्द्रो,

वाल्दिव्हियात थंडी सुरू झाली असेल. शाळेतली मुलं त्रास देतात का? माझ्या आईचे गुडघे दुखतात, पण शेजारणीशी भांडायला उठते, म्हणजे बरी आहे. मीही ठीक. झोप तेवढी पुरत नाही.

यंदा प्रयोगांसाठी समुद्रातले माकूळ कमी मिळतात. परवा एउसेबिओ कोळ्याने एकच आणला. म्हणाला, "एवढ्या मोठ्या जिवातून एक दोरा काढता नि बाकीचा टाकता. तुमच्यापेक्षा मांजर बरी, बाई, सगळा खाते!" मग तुझ्याबद्दल विचारलं, "तो भांडखोर कुठाय?"

"शाळेत शिकवतो."

"गेला, की घालवलात?"

मी मज्जातंतू काढायचं निमित्त करून आत गेले.

इथवर लिहून दोनदा चहा केला. आता लिहिते.

विद्युतदाब दिला की तंतूच्या पटलातली पोटॅशियमची दारं उघडतात, आणि दाब तसाच ठेवला तरी क्षणात आपोआप मिटू लागतात, असं मी आपल्या निबंधात मांडलं. कारण प्रवाह घसरत होता. तू म्हणालास, "बाई, दारं उघडीच आहेत. बाहेर पडलेला पोटॅशियम तंतूभोवतीच्या आवरणात साचतोय. दारातच एवढी गर्दी झाल्यावर आतून कोण निघणार?" मी सगळ्यांदेखत म्हटलं, "असले तर्क कोळ्यांच्या होडीवर चालतात." तू निबंधावरून नाव काढून घेतलंस आणि महिन्याभरात नोकरीही सोडलीस.

परवा तू सांगितलेली चाचणी केली. साचलेला पोटॅशियम मोजला. तो जमेस धरला की घसरण उरतच नाही. तुझं बरोबर होतं.

एवढं कबूल करणं सोपं आहे. पुढचं नाही. आपण भांडलो त्याच दुपारी एका तंतूने तुझ्या बाजूने उत्तर दिलं होतं: त्याचं आवरण सैल होतं आणि प्रवाह घसरलाच नव्हता. मरायला टेकलेल्या तंतूच्या नोंदीवर आपण 'थकलेला' लिहून ती बाजूला ठेवतो, तशी मी तीही ठेवली. चार वर्षं स्वतःला सांगत राहिले, थकलेलाच असेल. परवा नोंदवही काढून वेळ पाहिली. तंतू काढून वीस मिनिटंही झाली नव्हती; एवढ्यात तो थकत नाही. आणि लिहिताना मला ते माहीत होतं.

शुक्रवारी, तो निबंध छापलेल्या मासिकाला दुरुस्ती पाठवते आहे. त्यात हेही आहे, आणि तुझं नाव. प्रयोगशाळेचे संचालक म्हणाले, "चूक झाली एवढंच लिहा. बाकीचं कशाला उगाळता?" दोन दिवस मला ते पटतही होतं. म्हणून आधी तुला लिहिलं, मागे फिरता येऊ नये म्हणून.

परत ये म्हणत नाही. क्षमाही मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल.

तुझा पुरावा लपवून ठेवणारी,
रोसाउरा