शेरूची नसबंदी

अहो,

शेरूला घेऊन मी कारभारी भाऊजींच्या टेम्पोनं जालन्याला चाललेय. आज त्याची नसबंदी करूनच आणते. फोन करून परत बोलवू नका, मी यायची न्हाई.

किती वेळा सांगितलं तुम्हाला. गावात एखादी कुत्री माजावर आली की हा साखळी तोडून पळतो अन् भांडून, रक्तबंबाळ होऊन घरी येतो. काल तर फाटका कान लोंबत होता. डॉक्टर म्हणले, ऑपरेशन केलं की पळणं-भांडणं पुष्कळ कमी होतं, राखण मात्र तशीच राहते. तरी तुमचं एकच, "मर्दाच्या जातीला असं करू नये, बिचारा खचून जाईल." बोलताना डोळे भरून आल्ते तुमचे.

माऊली झाला तेव्हा मी म्हणलं, ऑपरेशन तुम्हीच करून घ्या. तर "बायांचं सोपं असतं" म्हणून उठून गेल्ते.

भाकरी टोपल्यात हाय. माऊलीला शाळेतून आणा. शेरूला घरात झोपवायचंय, जागा करून ठेवा. टाके सुकेपर्यंत त्याला पळू द्यायचं न्हाई. मी ओल्या टाक्यांनी कापूस वेचायला गेल्ते. त्याच्यावर ती पाळी येऊ देणार न्हाई.

अक्षता