पडेगावचे एकोणीस दिवस

पडेगाव, सोमवार

प्रिय अक्षदा,

फोन सोडून बाबा कागदाकडं का वळले म्हणून घाबरू नको. घरी सगळं ठीक आहे. तुझी आई चुलीपुढं बसून माझ्यावर कावलीय, म्हणजे तब्येत ठणठणीत. फोनवर मी काही सांगायला गेलो की तू मधीच ‘जाऊ द्या बाबा’ म्हणतेस, आणि हे जाऊ देण्यासारखं नाय. तुझ्या कामातली अमृता परवा गोव्याला निघालीय, तिच्याजवळ हे पत्र देतो.

दिवाळीनंतर तू मला गोव्याला तुझ्या संशोधन केंद्रात नेलंस, ते अजून डोळ्यापुढून हलत नाय. त्या थंड खोलीत शिरताना तू जाड कोट पुढं केलास. मी म्हणालो, धनगराला घोंगडी पुरे. पाचव्या मिनिटाला दात वाजायला लागले अन् मी गुमान कोट चढवला. दक्षिण ध्रुवावरून आणलेला बर्फ तिथं उसाच्या कांड्यांसारखा रचलेला. त्यातला मोजून झालेला एक तुकडा तू पाण्याच्या पेल्यात टाकलास अन् पेला माझ्या कानाला लावलास. आत नुसती तडतड. म्हणालीस, ही हिमयुगातली हवा सुटतेय, वीस हजार वर्षं कोंडलेली. पोरी, मी जन्मभर वाऱ्याचा वास घेऊन मेंढरं हाकली. पाऊस कोणत्या अंगानं येईल ते आधीच सांगून कन्नडच्या बाजारात भाव खाल्ला. पण गेलेली हवा परत काढून वाचणारं माणूस माझ्या घरात जन्माला आलं, याचं मला लई अप्रूप वाटतं. तेव्हाच तू सांगितलंस, की अख्ख्या हिमयुगात दुनिया आजच्यापेक्षा सरासरी पाच-सहा अंशच थंड होती. एवढ्याशा फरकानं बर्फाचे डोंगर कसे होतील, म्हणून मी हसलो. मग तू कागद मांडून समजावलंस अन् माझं हसू तिथंच थांबलं. का थांबलं, ते आज सांगतो.

हिमयुग बघणारी तुझी नजर आपल्या शहरावरबी आहे. गेल्या उन्हाळ्यात तू भर पेठेतल्या गुलमंडीपासून बाहेरच्या करमाडपर्यंत तीस ठिकाणी पांढरे जाळीचे डबे बसवलेस, तासातासाला हवेचं तापमान टिपणारे. लोक म्हणायचे, ऊन तर ऊन, त्यात मोजायचं काय? तू डोक्याला रुमाल बांधून स्कूटीवर हिंडलीस. दिवस मावळल्यावरबी गुलमंडीच्या भिंती कशा धगधगतात अन् माळावरची हवा कशी निवते, ते तू आकड्यानिशी दाखवलंस. त्यातला एक डबा आपल्या अंगणात. जाताना म्हणालीस, “बाबा, याला कोकरासारखं जपा.”

मी जपलं. अक्षय्यतृतीया झाली अन् ऊन असं पेटलं की डब्याकडं बघवेना. वैशाखात आपण कोकरं बांबूच्या डालग्याखाली झाकून वर ओलं पोतं टाकतो, तसंच मी डब्याला केलं. सकाळ-दुपार पोतं भिजवायचो. टँकरचं पाणी वाया घालवतो म्हणून तुझ्या आईनं मला धारेवर धरलं. “डब्याला काय तहान लागती व्हय?” असं विचारलं तिनं. मी तिलाच सुनावलं, की तुला शास्त्रातलं कळत नाय. एकोणीस दिवसांनी वावटळीत पोतं उडालं अन् मी विसरून गेलो. अमृता आकडे घ्यायला आली तेव्हा सांगण्यासारखं काही आहे, हेच मला ठाऊक नव्हतं. गोव्यात तू पाच-सहा अंश म्हणालीस, तेव्हा ध्यानात आलं, की ओल्या पोत्यानं मीबी आपल्या डब्यातले तेवढेच अंश उतरवले असतील. तिथंच सांगायला पाहिजे होतं. पण तुझ्या साहेबांपुढं ‘हे आमचे पडेगावचे सहकारी’ अशी माझी ओळख करून दिली होतीस. मी नुसता नमस्कार घातला.

काल अमृता तुझा छापील अहवाल देऊन गेली. त्यात लिहिलंय की उघड्या माळामुळं पडेगाव वैशाखातबी थंड राहतं. पत्र्याच्या घरांवर ऊन परतवणारा पांढरा रंग द्यायची जी यादी होणार, ती या अहवालावरून होणार म्हणे, अन् त्यात पडेगाव नाय. शेजारची आवडाबाई दीड महिन्याची नात घेऊन पत्र्याखाली राहते. तिनं विचारलं, “खंडेरावभाऊ, आपलंच नाव कसं नाय?” शेवटच्या पानावर आभारात माझं नाव छापलंय. रेशनकार्ड सोडलं तर जन्मात पहिल्यांदा. तुझी आई त्यावरून बोट फिरवून रडली. पुढल्या महिन्यात तू इथं येऊन सगळ्यांपुढं तो अहवाल मांडशील. त्याआधी ते एकोणीस दिवस खोडून टाक अन् पडेगावचा हिशेब नव्यानं कर. लोक हसतील ते मला हसू देत. माझं नाव काढू नको. त्याच्या पुढंच लिही, की या माणसानं डब्यावर ओलं पोतं टाकलं होतं. डबा आता उघड्या उन्हात आहे, मी हात लावत नाय.

तुझाच,
बाबा