‘येथे घरगुती वातावरण मिळेल’

सोमवार, ३
लॉजच्या नऊ खोल्यांपैकी आठ रिकाम्या. नववीत मी. देखरेख नीट व्हावी म्हणून मालकाने लॉजवरच राहिलेलं बरं. मुलाकडे जागा नाही हेही आहेच. जादा खोलीत सून ऑफिसचं काम करते. खोली मोकळी झाली की मुलगा मला बोलावणार आहे.

बुधवार, ५
एक मुलगी आली. रजिस्टरमधला ‘येण्याचे कारण’ हा रकाना बघून परत निघाली. म्हणाली, ॲपवर कुणाच्याही घरातली खोली मिळते, तिथे चौकशा नसतात, उलट आपुलकीने वागतात. परक्याच्या घरात कसली आपुलकी? या पिढीला काही कळत नाही.

गुरुवार, ६
संकल्प : तरुण गिऱ्हाईक परत आणणे. पाटी रंगवून घेतली. ‘येथे घरगुती वातावरण मिळेल. वेळ सकाळी ७ ते रात्री १०.’

रविवार, ९
एक जोडपं उतरलं. घरगुती वातावरण म्हणून तीनदा दार वाजवून जेवलात का विचारलं. चौथ्यांदा दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातात बॅगा होत्या. काहीतरी अर्जंट काम निघालं असणार.

मंगळवार, ११
शत्रूचा अभ्यास. मॅनेजरकडून ॲप शिकलो. तिसऱ्याच फोटोत पलंगावर आमच्या हिने शेवटच्या आजारपणात विणलेली चादर. कोपऱ्यातले टाके चुकलेत, म्हणजे तीच. खाली मुलाचं नाव. आतापर्यंत सत्तेचाळीस पाहुणे राहून गेले.
वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

बुधवार, १२
सून ऑफिसला जाते तेवढ्याच दिवसांपुरती देत असतील. फोन करून सहज विचारलं. म्हणाला, “बाबा, खोली अजून मोकळी नाही हो.”
खोटं बोलला नाही. ॲपवर बघितलं, महिनाअखेरपर्यंत बुक आहे.

शुक्रवार, १४
पुढच्या महिन्यातल्या दोन दिवसांसाठी बुकिंग केलं. निव्वळ अभ्यास म्हणून. नाव मॅनेजरचं दिलं. एकटाच आहे, वय एकाहत्तर, गुडघे दुखतात, चालेल का, असं लिहिलं.
पाच मिनिटांत मुलाचं उत्तर : “काका, अगदी निर्धास्त या. बसस्टँडवर घ्यायला येईन. जिना आहे, पण मी हात धरून वर नेईन. आपलंच घर समजा.”
माझ्याशी एवढं लांबलचक तो कित्येक वर्षांत बोललेला नाही. सात-आठ वेळा वाचलं. पोरगा मनाने चांगला आहे, मी म्हणतच होतो.

शनिवार, १५
बुकिंग रद्द केलं. दारात मला बघून त्याला ओशाळल्यासारखं झालं असतं.
लगेच मेसेज आला : “हरकत नाही काका. तब्येतीला जपा.”
हो म्हणून कळवलं.