लूमिस आणि आमची आई

१४ मार्च १९७२, मंगळवार

मला घेतलं! मला! सिनेमात!

रांगेत सगळ्या माझ्याहून उजळ, माझ्याहून बारीक. म्हटलं, आपण कसल्या निवडल्या जातोय! मॅब्री म्हणून दिग्दर्शक आहे – काळा, आपल्याच लोकांतला, तिशीचाही नसेल. दोन ओळी गाऊन घेतल्या आणि म्हणाला, "हा आवाज चर्चमध्ये तयार झालाय ना? लपत नाही." वाटलं, संपलं! तर म्हणे, "मला हाच हवा."

सिनेमाचं नाव 'लूमिस'. लूमिस म्हणजे हिरो. गर्द विकतो, लांबलचक गाडीतून फिरतो, गोऱ्या पोलिसांना बोटांवर नाचवतो. तो क्लबात शिरतो तेव्हा मंचावर मी गात असते.

जॉनेटा दुकानात माझ्याबरोबर मोज्यांच्या काउंटरवर असते. तिनंच मला ओढत नेलं होतं. आता म्हणते, "अगं बये, उद्यापासून मोजे विकणार की सह्या देणार?"

आईला सांगायचं कसं?

१५ मार्च

नाही सांगितलं. जेवताना तोंड उघडलं, आणि त्यात मक्याच्या पावाचा तुकडा कोंबला.

२ एप्रिल, ईस्टर

चर्च खच्चून भरलं होतं. दाराशी आई – पांढरा पोशाख, पांढरे हातमोजे. माणसांना जागेवर बसवणाऱ्या बायकांची ती प्रमुख. नुसती भुवई उचलते, आणि रडणारं पोर गप्प होतं.

माझं एकटीचं कडवं होतं. लोक उभे राहिले. "गा, पोरी! गा!" आणि माझ्या मनात काय? परवाचं शूटिंग! देवा, माफ कर. पण गळा तूच दिलायस ना?

४ एप्रिल

झालं! काय दिवस! कसं लिहू!

सोनेरी झगा. मानेवर, खांद्यांवर चमकी. कॅमेरा धरणारा आपला, दिवे लावणारा आपला, झगा शिवणारी आपली! आजवर सिनेमात आपण कुठे दिसलो? हातात ट्रे घेऊन, गोऱ्यांच्या दाराशी. आणि आज सगळा क्लब आपला, 'सुरू करा!' म्हणणाराही आपला.

गाण्यात लूमिसच्या कोटाचं कौतुक आहे – तो कसा झळाळतो, रस्ता त्याला कशी वाट करून देतो. शब्द ठीकच. पण ती चाल! पाठीतून वीज गेली. पुन्हा पुन्हा गाऊन घेतलं, तरी दमले नाही. शेवटी ड्रमवाल्यानं काठ्या खाली ठेवून टाळ्या वाजवल्या.

५ एप्रिल

"मानेला काय चमकतंय?"

मेले! रात्री घासघासून धुतलं होतं. सांगितलं मग सगळं.

आई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं. म्हणाली, "देवानं गळा दिला, तो त्या विष विकणाऱ्याचे गोडवे गायला?"

"आई, सिनेमा आहे तो. नुसती गोष्ट."

"नुसती गोष्ट? बायबलात काय गणितं आहेत? गोष्टीच आहेत सगळ्या!"

मी मान पुसत राहिले.

मग म्हणाली, "तुझा भाऊ–" आणि थांबली. धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला लागली.

क्लीटसला जाऊन तीन वर्षं झाली. गल्लीत, चर्चमध्ये सगळ्यांना माहीत आहे – न्यूमोनिया. गर्दच्या सुईचं फक्त आम्हा दोघींना. घरातसुद्धा आम्ही न्यूमोनियाच म्हणतो.

१८ ऑगस्ट, शुक्रवार

आज सिनेमा लागला! रांग कोपऱ्यावरून वळून पार केशकर्तनालयापर्यंत!

समोरच्या फुटपाथवर आमच्या चर्चच्या बायका. हातात फलक. सर्वांत पुढे आई – 'आमची मुलं विकाऊ नाहीत'. टीव्हीवाल्यांनी तिच्यापुढे माइक धरला होता. "सगळी घाण आहे त्यात! आमच्या पोरांना गर्द विकायला शिकवतात!"

मागच्या दारानं जाता आलं असतं. नाही गेले. तिच्या समोरून गेले. तिनं पाहिलं. फलक जरासा खाली आला, मग पुन्हा वर.

आत – माझं तोंड! घराएवढं! लोकांनी शिट्ट्या मारल्या. मागून कुणीतरी विचारलं, "ही कोण रे?" जॉनेटा खुर्चीवर उभी राहून ओरडली, "ही बघा, इथं बसलीय!" मला हसू आवरेना, रडू आवरेना.

सुटल्यावर बाहेर पोरं लूमिससारखी चालत होती. हॅट डोळ्यांवर, एक खांदा खाली, आणि तोंडात माझं गाणं! त्यांच्या मागोमाग मीही जवळजवळ नाचतच निघाले. मग त्यातला एक वळला. बारीक, लांब मानेचा. क्लीटस असाच वळायचा. मी तिथंच थांबले.

जॉनेटानं दंडाला धरून ओढलं. "चल, तळलेला मासा खाऊ. आज तू नटी आहेस!" गेले. खाल्ला. खूप हसलो.

२० ऑगस्ट, रविवार

आजचं सगळं लिहिणारच!

रेव्हरंड टॉलिव्हरनी उपासनेनंतर मॅब्रीला बोलावलं होतं – सगळ्यांसमोर जाब विचारायला. आणि तो आला की!

रेव्हरंड म्हणाले, "आमच्या पोरांना तुम्ही काय दिलंत? गर्द विकणारा हिरो!"

"काम दिलं, साहेब. दिवेवाल्यापासून शिंपिणीपर्यंत सगळे आपले. हे आधी कोणी केलं होतं?"

"काम काय, फाशी देणाऱ्यालाही असतं!" आमेन! आमेन! बाकं हादरली.

मॅब्रीही कमी नाही. "रस्त्यावर दिसतं तेच दाखवलं मी. आरसा फोडून तोंड स्वच्छ होत नाही." मागच्या बाकांवर हशा. आईची भुवई. हशा बंद.

मग रेव्हरंड माझ्याकडे वळले. "सिस्टर आर्लीथा, उभी राहा. मंडळीची क्षमा माग."

उभी राहिले. म्हटलं, "क्षमा कशाची मागू तेवढं सांगा. गायल्याची, की मला गायला आवडलं त्याची?"

गलका! रेव्हरंड भडकले. "आजपासून गायकवृंदात उभी राहायचं नाही!"

आणि आई उठली. हातमोजे नीट करत म्हणाली, "रेव्हरंड, तुम्ही पाहिलाय सिनेमा?"

"असलं पाहायची मला गरज नाही!"

"मीही नाही पाहिला. तरी टीव्हीवर सांगून बसले, त्यात काय काय आहे ते." एवढंच बोलून ती बसली.

घरच्या वाटेवर रस्ता ओलांडताना तिनं माझा हात धरला. लहानपणी धरायची तसा.

२२ ऑगस्ट

आई सिनेमाला आली! रविवारची हॅट घालून! मागच्या माणसानं "हॅट काढा" म्हटलं. नाही काढली.

मी पडदा पाहिलाच नाही, तिलाच पाहत होते. माझं गाणं आलं. चेहरा दगड. पण पाय! बूट ताल धरत होता, आणि तिचं तिला कळत नव्हतं!

मग तो प्रसंग – लूमिसचा माल घेऊन एक पोरगा मरतो. त्याची आई स्वयंपाकघरात टेबलावर डोकं ठेवून रडते. तेवढंच तिचं काम.

आई अंधारात मोठ्यानं म्हणाली, "ऊठ की बाई! रडत काय बसलीस!"

लोक हसले. पुढून एक बाई ओरडली, "खरं बोलतेय ती!" मग आणखी एक. "सांगा त्यांना, सिस्टर!" अगदी चर्चसारखं!

बाहेर मॅब्री गर्दी बघत उभा होता. आई सरळ त्याच्यापुढे.

"पोरगा मेल्यावर त्याची आई काय करते?"

"रडते, मॅडम."

"आणि मग?"

"मग… लूमिसचा प्रसंग आहे."

"हेच तुमचं चुकलं. गाणं चांगलं आहे. पोरगी चांगली गायलीय." (चांगली गायलीय! आई म्हणाली!) "गोळ्याही छान झाडता. पण त्या आईबद्दल तुम्हाला काही म्हणजे काही ठाऊक नाही. ती गर्द विकणाऱ्याच्या दारात जाऊन उभी राहते. रोज. तो गल्ली सोडून जाईपर्यंत."

मॅब्रीनं हॅट काढली. "तुम्हाला कसं ठाऊक, मॅडम?"

आई चालू लागली.

म्हणजे ती जायची? रोज? मला म्हणायची, आजाऱ्यांसाठी प्रार्थना करायला चाललेय.

६ सप्टेंबर

मॅब्रीचा फोन. माझ्यासाठी नव्हता, आईसाठी! पुढच्या सिनेमात एका आईचं काम आहे. मोठं काम. करता का?

आई म्हणाली, "करीन. पण मुलाचं नाव क्लीटस ठेवायचं. आणि तो न्यूमोनियानं गेला असं कुणीही म्हणायचं नाही."